लाईट बिलातला पेन्शन अधिभार : मंजुरी कोणाची, हिशेब कोणाकडे मागायचा?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. एप्रिल २०२५ पासून हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या सरकारी वीज वितरण कंपनीच्या) बिलात 'पी अँड जी सरचार्ज' अशी ओळ येते, २०२५-२६ ला युनिटला ३६ पैसे. इंधन समायोजनाची (इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातल्या फरकाची) ओळ दर महिन्याला बदलते, आणि खाली ९ टक्के कर आहेच. ग्रामपंचायतीत यावर ठराव करायचं चाललंय, पण तो कोणाच्या नावे करायचा यावर एकमत होत नाही. काहीजण म्हणतात, डिसेंबरात अधिवेशन बेळगावातच भरतं, आमदारांच्या हातात द्या. काहींचं म्हणणं, विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, आमदार काय करणार?

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या ओळी विधिमंडळाने मंजूर केलेल्या आहेत का? अधिभाराचा पैसा कुठे जातो आणि आमदार त्याचा हिशेब मागू शकतात का? आणि तेवढी रक्कम वजा करून बाकीचं बिल भरलं तर चालतं का?

वीजहिशेब (बेळगाव)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात नुकसान लगेच होतं. रक्कम वजा करून भरू नका. उरलेली रक्कम पुढच्या बिलात बाकी म्हणून येते, तिच्यावर महिन्याला १ टक्का व्याज चढतं, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन कनेक्शन तोडता येतं. बिलाबद्दल खरा वाद असेल तर त्याच कलमात सोय आहे : मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांतली जी कमी ती 'हरकत राखून' भरायची, मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पण ही सोय रीडिंग चुकलं, भलताच दर लागला, अशा वादांसाठी उपयोगी. आयोगाच्या आदेशाने आलेला अधिभार तक्रार निवारण मंच काढून टाकू शकत नाही.

आता मंजुरीचं. एकाच बिलातल्या ओळींचे मालक वेगवेगळे आहेत.

कर हा खराखुरा कर आहे. कर्नाटकाच्या १९५९ च्या वीज कर कायद्याखाली तो लागतो, म्हणजे विधिमंडळाची मंजुरी आहे. राज्यघटनेच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याशिवाय कर घेता येत नाही, आणि विजेच्या विक्रीवर व वापरावर कर बसवायचा अधिकार राज्यसूचीतल्या ५३ व्या नोंदीने राज्याला दिलाय. कंपनी तो फक्त गोळा करते. पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून खर्च करायला पुन्हा सभागृहाची मंजुरी लागते.

स्थिर आकार आणि युनिटचा दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो, कलम ६२ खाली. २७ मार्च २०२५ च्या आदेशात तीन आर्थिक वर्षांचे दर एकदम दिलेत. २०२५-२६ साठी घरगुती दर युनिटला ५ रुपये ८० पैसे आणि स्थिर आकार किलोवॅटला १४५ रुपये. आधी तेच ५ रुपये ९० पैसे आणि १२० रुपये होते. म्हणजे युनिट स्वस्त झालं तरी कमी वापराच्या घरात बिल वाढलं, कारण स्थिर आकार वापरावर नाही, मंजूर भारावर लागतो.

इंधन समायोजन हे केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनंतर दरमहा आपोआप बिलात येतं. कंपनी ठरलेल्या सूत्राने ते काढते, आयोग वर्षाच्या शेवटी ताळा करतो. त्यामुळे एखाद्या महिन्यात ही ओळ वजासुद्धा असू शकते.

राहिला पी अँड जी, म्हणजे पेन्शन आणि ग्रॅच्युइटी. जुन्या राज्य वीज मंडळाचं (केईबी) १९९९ मध्ये केपीटीसीएल (आताची सरकारी वीज पारेषण कंपनी) झालं, २००२ मध्ये वितरण कंपन्या वेगळ्या निघाल्या. बोर्डाच्या काळातल्या नोकरीच्या पेन्शनचा वाटा सरकारने उचलायचा अशी व्यवस्था होती. पुढे तो वाटा ग्राहकांकडून वसूल करायचं सरकारने ठरवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे सरकारचा निर्णय टिकला, आणि आयोगाने मार्च २०२५ मध्ये अधिभार ठरवून दिला : २०२५-२६ ला ३६ पैसे, २०२६-२७ ला ३५, २०२७-२८ ला ३४. दर आयोगाच्या आदेशाने आला, पण मूळ निर्णय सरकारचा आहे. तुमच्या ठरावाचं मर्म इथेच आहे. सरकार जेव्हा हा वाटा स्वतः भरायचं, तेव्हा तो अर्थसंकल्पात दिसायचा आणि आमदार त्यावर मतदान करायचे. आता तो बिलातून थेट पेन्शन ट्रस्टकडे जातो. एकत्रित निधीला तो शिवत नाही, म्हणून सभागृहासमोर मंजुरीला येतही नाही. लाईनमनची पेन्शन द्यायलाच हवी, त्याबद्दल वाद नको. पण एवढी मोठी वसुली लोकप्रतिनिधींच्या नजरेआडून होणं बरोबर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपलं बिल तपासायची रीत देतो. समजा मंजूर भार २ किलोवॅट, वापर २३० युनिट, दर २०२५-२६ चा, म्हणजे २०० च्या वर गेल्यामुळे गृहज्योती (घरगुती मोफत विजेची सरकारी योजना) लागू नाही. स्थिर आकार २९० रुपये. ऊर्जा आकार १३३४. पी अँड जी ८२ रुपये ८० पैसे. ९ टक्के कर नुसत्या ऊर्जा आकारावर धरला तर १२० रुपये ६ पैसे. इंधन समायोजन सोडून बेरीज १८२६ रुपये ८६ पैसे. आता तुमच्या बिलावरची कराची रक्कम ०.०९ ने भागा. १३३४ आलं तर कर फक्त ऊर्जा आकारावर आहे. १४१६.८० आलं तर अधिभारावरही कर लावलाय, आणि वेगळाच आकडा आला तर इंधनाची रक्कम आत धरली आहे का ते पाहा. कर कोणत्या रकमेवर काढला हे लेखी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सब-डिव्हिजनच्या एईई (सहाय्यक कार्यकारी अभियंता) साहेबांच्या नावे अर्ज करा, आर.आर. नंबर (बिलावरचा कनेक्शन क्रमांक) आणि महिना लिहा, पोच घ्या.

गल्ली ते सौध

वरचं सगळं मान्य. फक्त 'आमदार काय करणार' याला उत्तर देतो, कारण हातात साधनं बरीच आहेत आणि ती वापरली जात नाहीत.

पहिलं साधन प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर येतं. आकडे हवे असतील तर अतारांकित जास्त कामाचा : तालुकावार, महिनावार तक्ते जोडून मिळतात आणि ते कागद पुढे कुठेही पुरावा म्हणून चालतात. तारांकितमध्ये नंबर लागला नाही तर तोंडी चर्चा होतच नाही. नोटिशीला मुदत असते, म्हणून अधिवेशन डिसेंबरात असेल तर मसुदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमदारांच्या पीएकडे पोहोचायला हवा. अधिवेशन सुरू झाल्यावर सुवर्ण विधानसौधच्या बाहेर निवेदन देऊन फोटो मिळतो, प्रश्न लागत नाही.

दुसरं, सार्वजनिक उपक्रम समिती. हेस्कॉम, केपीटीसीएल या सरकारी कंपन्या. त्यांच्या हिशेबावर कॅग पूरक तपासणी करतो, आणि कंपनी कायद्याच्या कलम ३९५ प्रमाणे त्यांचा वार्षिक अहवाल कॅगच्या शेऱ्यांसह विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. समिती कंपनीच्या एमडींना बोलावून विचारू शकते. इथे पक्षाचं राजकारण सभागृहापेक्षा कमी आणि कागद जास्त. तुमच्या भागातला कोणी सदस्य समितीवर आहे का ते आधी बघा.

तिसरं, याचिका समिती. बऱ्याच गावांचे ठराव एकत्र करून आमदारामार्फत याचिका देता येते. सुट्या वीस निवेदनांपेक्षा वीस ठराव जोडलेली एक याचिका जड पडते.

विधान परिषद विसरू नका. बेळगाव स्थानिक संस्था मतदारसंघातून दोन सदस्य निवडून जातात, आणि त्यांचे मतदार म्हणजे ग्रामपंचायत आणि नगरपालिकांचे सदस्यच. तुमच्या पंचायतीचा ठराव त्यांच्यासाठी थेट मतदारांचं पत्र आहे. जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. एकाच मसुद्याचे प्रश्न चार-पाच जणांनी वेगवेगळ्या अंगाने विचारले तर ऊर्जा खात्याला गोल उत्तर देणं अवघड जातं.

निपाणी नाका

थोडी भर. सीमेपलीकडे कागल, गडहिंग्लजला नातेवाईक असले की बिलांची तुलना होतेच. महाराष्ट्रात घरगुती वीज शुल्क १६ टक्के आहे, शिवाय वहन आकार वेगळा दाखवतात. कर्नाटकात तो वेगळ्या ओळीत नसतो. त्यामुळे ओळीला ओळ लावू नका, एकूण रक्कम भागिले युनिट करूनच तुलना करा.

पण माझा मुद्दा दुसरा. आयोग ही स्वायत्त संस्था आहे, ती विधिमंडळाला जबाबदारच नाही. मग आमदारांनी आयोगाच्या आदेशावर प्रश्न विचारून उपयोग काय?

वीजहिशेब (बेळगाव)

@निपाणी नाका, 'जबाबदारच नाही' हे बरोबर नाही. आयोगाचा आदेश सभागृह फिरवू शकत नाही. त्याविरुद्ध अपील कलम १११ खाली दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात जातं. पण कलम १०४ प्रमाणे आयोगाचे लेखे कॅग तपासतो आणि ते विधिमंडळासमोर येतात, कलम १०५ प्रमाणे वार्षिक अहवाल येतो, आणि कलम १८२ प्रमाणे आयोगाने केलेला प्रत्येक विनियम दोन्ही सभागृहांसमोर ठेवावा लागतो. अडचण अशी की हे कागद पटलावर ठेवले जातात आणि तिथेच राहतात. त्यावर चर्चा मागायचं काम कोणीतरी करायला हवं.

आणखी दोन कलमं ठरावात घाला. कलम ६५ : सरकारला कोणत्याही ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर त्या अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी लागते. गृहज्योतीचे पैसे आणि १० एचपीपर्यंतच्या पंपसेटचे पैसे याच कलमाखाली येतात. कलम १०८ : जनहिताच्या धोरणात्मक बाबींवर सरकार आयोगाला लेखी निर्देश देऊ शकतं. म्हणून 'अधिभार रद्द करा' अशी आयोगाकडे मागणी करण्यापेक्षा 'पेन्शनचा वाटा पूर्वीप्रमाणे ऊर्जा खात्याच्या अनुदान मागणीत धरा' अशी सरकारकडे मागणी करा. ती सभागृहाच्या अधिकारातली आहे आणि तिला मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी हिशेबाची जागा आहे. डिसेंबरात प्रश्न विचारून आकडे मिळवायचे, मार्चमध्ये ते आकडे घेऊन मागणी करायची, असा क्रम ठेवा.

वीजधोरण वाचक

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९६ च्या कायद्याने वीजबिलावर एक सार्वजनिक हिताचा आकार बसवला होता. त्यातून ऊर्जाबचत, अपारंपरिक ऊर्जा आणि संशोधनाला पैसा जायचा. त्याला मुदत होती. २०११ च्या अखेरीस मुदत संपली तेव्हा वाढवायला लागणारं दोन-तृतीयांश बहुमत जमलं नाही. मग तिथल्या नियामक आयोगाने स्वतःच्या अधिकारात संशोधनासाठी वेगळा आकार सुरू केला. एका वीज कंपनीने 'हा तर कर आहे, आयोगाला तो अधिकार नाही' म्हणून आव्हान दिलं. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली.

आपल्याकडेही कर आणि फी यांतला फरक १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयात घासला जातोय. न्यायालयात तो लढायला वेळ आणि वकील लागतात, ग्रामपंचायतीला ते झेपणार नाही. कॅलिफोर्नियातून घेण्यासारखी गोष्ट मुदतीची आहे. मुदत असेल तर कोणालातरी पुन्हा समोर येऊन कारण सांगावं लागतं. आपल्या आदेशातले पी अँड जीचे आकडे २०२७-२८ पर्यंतचे आहेत. मार्च २०२८ नंतर काय, हे आत्ताच विचारून ठेवा. नाहीतर 'चालू आहे ते चालू' होईल.

हुक्केरीचा ग्राहक

हुक्केरी तालुक्यातल्या वाचकांसाठी : आपल्याकडे बिल हेस्कॉमचं नाही, हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघाचं येतं. १९६९ पासूनची सोसायटी आहे, हेस्कॉमकडून घाऊक वीज घेते, पण दर आयोगच ठरवतो. त्यामुळे दराबद्दलचा अर्ज आयोगाकडेच जाईल, मात्र बिलातल्या चुकीचा अर्ज हेस्कॉमच्या एईईंना देऊन उपयोग नाही, सोसायटीकडे द्यावा लागतो. सभासदांना सर्वसाधारण सभेत हिशेब विचारायचा आणखी एक मार्ग आहे, तो हेस्कॉमच्या ग्राहकांना नाही. आमदारांच्या प्रश्नात 'हेस्कॉम व हुक्केरी सोसायटी' असं दोघांचं नाव घाला, नाहीतर उत्तरात आपला तालुका गळतो.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

फार मोलाची माहिती मिळाली, सर्वांचे आभार. दोन शंका. ठराव आणि अर्ज मराठीत दिले तर चालतील का? आणि प्रश्नाचा मसुदा नेमका कसा असावा?

गल्ली ते सौध

निवेदन मराठीत देता येतं. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. तरीही सोबत कानडी प्रत जोडा. हक्क आहे म्हणून फक्त मराठी दिलं तर फाईल भाषांतरासाठी पडून राहते आणि तोवर अधिवेशन संपतं. सभागृहाच्या प्रश्नाचा मसुदा मात्र थेट कानडीत किंवा इंग्रजीत करून द्या, कारण तो आमदारांच्या सहीने सचिवालयात जातो. आकडे, कलमं, आदेशाची तारीख दोन्ही प्रतींत तंतोतंत जुळली पाहिजेत.

मसुदा असा. एका प्रश्नात एकच विषय :

'(अ) १ एप्रिल २०२५ पासून आजवर हेस्कॉमने व हुक्केरी सोसायटीने पी अँड जी अधिभारापोटी किती युनिटांवर किती रक्कम आकारली व त्यातील किती वसूल झाली? महिनावार तपशील द्यावा. (आ) त्यापैकी किती रक्कम पेन्शन ट्रस्टकडे कोणत्या तारखांना वर्ग झाली? (इ) गृहज्योती लाभार्थी व पंपसेट यांच्या युनिटांवरील अधिभार कोण भरतो व त्यापोटी सरकारकडून किती रक्कम आली, किती येणे आहे? (ई) मागील वर्षांची थकबाकी या अधिभारातून वसूल होत आहे का, असल्यास कोणत्या वर्षांची व किती? (उ) मार्च २०२८ नंतर हा अधिभार चालू ठेवण्याचा प्रस्ताव आहे का?'

'हे अन्यायकारक नाही काय' असलं वाक्य घालू नका. मत विचारणारे प्रश्न सचिवालयात छाटले जातात, आणि राहिलेच तर 'नाही' एवढं उत्तर येतं. 'वसूल' आणि 'आकारली' हे दोन्ही शब्द ठेवाच. नुसतं 'वसूल' लिहिलं तर थकबाकी लपते.

वीजहिशेब (बेळगाव)

प्रश्न लागेलच याची खात्री नसते, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज समांतर टाका. कर्नाटकाच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. वरचा मसुदा जसाच्या तसा टाकला तर परत येऊ शकतो. (अ) आणि (आ) हेस्कॉमच्या माहिती अधिकाऱ्याला, (इ) ऊर्जा खात्याला, असे दोन अर्ज करा. फी प्रत्येकी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. ट्रस्टचा तपशील 'आमच्याकडे नाही' म्हणाले तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज योग्य कार्यालयाकडे ५ दिवसांत वर्ग करणं त्यांचं काम आहे, तुम्ही नवा अर्ज करायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ती मुदत लोक हमखास चुकवतात, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आयोगाकडेही एक खेप करायची आहे. तीन वर्षांचे दर ठरले असले तरी कंपन्या दरवर्षी मागच्या वर्षाच्या ताळ्याचा अर्ज नोव्हेंबरअखेर आयोगाकडे देतात. आयोगाच्या परवानगीने त्याचा गोषवारा पेपरात जाहिरात म्हणून येतो आणि हरकतींना मुदत मिळते. जाहिरात बारकाईने वाचा : किती प्रती, शपथपत्र हवं का, सुनावणी कुठे. यात चुकलं तर हरकत वाचलीच जात नाही. हरकतीत 'दर कमी करा' एवढंच लिहू नका. पी अँड जीपोटी गोळा झालेली रक्कम आणि ट्रस्टला दिलेली रक्कम ताळ्यात वेगळ्या ओळीत दाखवा, जास्त जमली असेल तर पुढच्या वर्षीच्या पैशांतून वळती करा, असं मागा. ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम बँक दराने व्याजासह परत मिळते, हे कलम ६२(६) मध्येच आहे. आधार म्हणून तेच लिहा.

आणि पंचायतीच्या ठरावाला गावातली पाच-सहा बिलं झेरॉक्स करून जोडा : एक गृहज्योतीचं, एक २०० युनिटांवरचं, एक दुकानाचं, एक पिठाच्या गिरणीचं. नाव आणि आर.आर. नंबर झाकून घ्या, मंजूर भार, युनिट आणि रकमा दिसू द्या.